शिंपल्याचा पाचवा पक्षी

जागेश्वर उमरेडच्या विणकरांच्या घरातला. हातमाग बंद पडला तसा तो नागपुरात येऊन सुतार झाला. पण काठावरची नक्षी बोटांत मुरलेली, त्यामुळे लाकडात शिंपला-पितळ बसवायच्या जडावकामात त्याचा हात लवकर बसला. सिव्हिल लाइन्समधल्या नंदिनीताईंचं जुनं घड्याळ त्याच्याच हवाली होतं. माणसाहून उंच, शिसवी, दारावर पितळी वेल आणि वेलीवर शिंपल्याचे पाच पक्षी. दर रविवारी तो नंदनवनहून सायकलनं जायचा, चावी द्यायचा, लाकूड पुसायचा.

अकरा वर्षांपूर्वी फुगलेलं दार दुरुस्त करताना त्याची पटाशी सटकली आणि सगळ्यात वरच्या, पाचव्या पक्ष्याचा चुरा झाला. ताई गावाला गेल्या होत्या. चार दिवस खपून त्यानं शिंपला कोरला आणि हुबेहूब पक्षी बसवला. उद्या सांगू, परवा सांगू, करता करता राहूनच गेलं. पुढे ताई पाहुण्यांना नेमका तोच पक्षी दाखवायला लागल्या.

"बघा, असा हात आता होणे नाही!"

जागेश्वर मान खाली घालायचा. पाहुण्यांना वाटे, किती अदब आहे माणसाला.

यंदा घड्याळ एका संग्रहालयाला द्यायचं ठरलं. सगळं काम मूळचंच आहे, असं घड्याळ सांभाळणाऱ्या कारागिराच्या सहीनं त्यांना लिहून हवं होतं. ताईंनी कागद त्याच्या हातात दिला. "रविवारी सही करून आणा, जागेश्वर."

आठवडाभर तो कागद सहीविना फळीवर पडून होता. बायको दामिनी म्हणाली, "सांगून टाका ना एकदाचं. काहून जिवाले घोर लावून घेता?"

"अकरा वर्षं गप काहून होता, असं विचारलं तं काय सांगू वं?"



रविवारी तो ताईंसमोर उभा राहिला. "ताई, वरचा पक्षी माह्या हातचा आहे. जुना माह्याकडूनच फुटला."

ताईंनी जवळ जाऊन त्या पक्ष्यावर बोट फिरवलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी सगळीकडे सांगून बसले आहे. सही करा. कोणाला कळणार आहे?"

म्हणजे आता खोट्यात दोघं. जागेश्वरनं पेन घेतलं आणि कागदाच्या तळाशी लिहिलं, 'वरचा पक्षी नवा. जागेश्वर.' ताईंनी तो कागद घडी करून कपाटात टाकला.

घड्याळ संग्रहालयात गेलं नाही. ताईंनी त्याला येऊ नका म्हटलं नाही, की या असंही म्हटलं नाही. तो आला की त्या आतल्या खोलीत जातात आणि तो जाईपर्यंत बाहेर येत नाहीत.

"सोडून द्या ते घर," दामिनी म्हणते.

"दुसरा कोणी हात लावीन तं यंत्र बिघडवून ठेवीन."

हे खरंच आहे. पण आपण एवढ्याचसाठी जातो का, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.