सहा महिन्यांच्या आत

इमेल्डा रिग्बीचा बाप्तिस्मा उशिरा झाला आणि त्याचं खापर तिच्या आईच्या डोक्यावर फुटलं ते कायमचंच. खरं तर कोलेटचा त्यात काही दोष नव्हता. तिचा सख्खा काका आयर्लंडात धर्मगुरू होता आणि पोरीच्या डोक्यावर पाणी घालायचं ते त्यानंच, असा घरातल्या म्हातारीचा हट्ट. काकाची मांडी मोडली. मग हिवाळा आला, बोटीचा प्रवास नको म्हणून डॉक्टरांनी अडवलं. काका आले तेव्हा पोरगी आठ महिन्यांची होती, तिला दोन दात आले होते. घरात फोटो आहे त्या दिवसाचा. पिढीजात पांढऱ्या झग्यात ती मावत नाहीये, मागची बटणं उघडी राहिलीत, आणि सगळे हसताहेत.

ते हसू अकरा वर्षांनी आटलं. हॉलक्रॉफ्ट गावात कॅथलिक माध्यमिक शाळा एकच, टेकडीवरची, आणि जागांच्या दुप्पट अर्ज. म्हणून शाळेनं चाळणी लावली होती. जन्मल्यापासून सहा महिन्यांच्या आत ज्याचा बाप्तिस्मा झाला ते लेकरू आधी, बाकीची मागे. गावातल्या शहाण्या बायका बाळंतपणाआधीच फादरकडून तारीख घेऊन ठेवत. कोलेट स्वतः शाळेत होती तेव्हा हा नियम नव्हता, त्यामुळे तिच्या तो गावीही नव्हता. शेजारचे टर्नबुल नाताळखेरीज चर्चची पायरी चढत नसत, पण त्यांच्या पोराला दीड महिन्याचा असतानाच पाणी लागलं होतं. तो टेकडीवर गेला. दर रविवारी पुढच्या बाकावर बसणारी इमेल्डा कालव्यापलीकडच्या शाळेत गेली, जिथे विज्ञानाचे शिक्षक ऋतूंसारखे बदलायचे.

"देव काय महिने मोजत बसतो होय?" तिचा बाप डेस म्हणाला. तो कौलं बसवायचा, त्याला असल्या गोष्टींचा पटकन राग यायचा.

"देव नाही मोजत. शाळा मोजते," कोलेट म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

इमेल्डाला बाळंतपणं करणारी नर्स व्हायचं होतं. धाकटा भाऊ घरीच जन्मला, तेव्हा आलेल्या नर्सबाईनं तिला टॉवेल धरून उभं केलं होतं. तेव्हापासून दुसरं काही तिच्या डोक्यात शिरलंच नाही. त्यासाठी विद्यापीठ हवं, विद्यापीठासाठी ए-लेव्हलच्या परीक्षा, आणि त्या नीट शिकवणारं गावात एकच ठिकाण, टेकडीवरच्या शाळेचा सिक्स्थ फॉर्म. सोळा ते अठराची पोरं तिथे शिकतात, आणि तेवढ्या दोन वर्षांसाठी शाळा बाहेरच्यांनाही थोड्या जागा देते.

"सोळाव्या वर्षी दार परत उघडतं, कोलेट," फादर अ‍ॅस्पिनल म्हणाले होते. ते त्या शाळेच्या कारभारी मंडळावर होते, म्हणजे बोलणं वाऱ्यावरचं नव्हतं. "तोवर पोरगी जरा दिसू दे."

मग पोरगी दिसली. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, वेदीपाशी मेणबत्ती धरून दिसली, वाचन करताना दिसली, मिस्सेनंतर सभागृहात चहाच्या किटल्या उचलताना आणि म्हाताऱ्यांच्या बशा विसळताना दिसली. सोळा पूर्ण झाल्यावर ती आजाऱ्यांच्या यात्रेबरोबर फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थाला गेली आणि आठवडाभर हेस्केथ नावाच्या लुळ्या आजोबांची चाकाची खुर्ची ढकलत राहिली. आजोबा तिरसट होते. "हळू गं, मी काय बटाट्याचं पोतं आहे?" म्हणायचे, आणि तिनं खुर्ची कुणाला दिली की रुसून बसायचे. त्यांचं नि तिचं छान जमलं. तिथल्या पवित्र गुहेपाशी दोघं हसताना कुणीतरी फोटो काढला.

मुलाखत घेतली गार्व्ही सरांनी. सिक्स्थ फॉर्म त्यांच्याकडे होता.

"तू आमच्या शाळेला काय देशील, इमेल्डा?"

"द्यायचं नंतर बघू, सर," ती म्हणाली. "मला रसायनशास्त्र कुणी धड शिकवलेलं नाही. मार्क पडलेत, ते पुस्तक घोकून. मला ते शिकायचंय."

सर हसले. लूर्दचा तो फोटो मात्र त्यांनी मागून घेतला. महिन्याभरात प्रवेशाचं पत्र आलं आणि बेकरीत सकाळपासून मटणाचे पॅटिस विकणारी कोलेट त्या दिवशी चार गिऱ्हाइकांना फुकट पॅटिस देऊन बसली.

सिक्स्थ फॉर्मला गणवेश नसतो, सूट घालावा लागतो. इमेल्डाचा सूट सुपरमार्केटातला होता, ढुंगणावर लवकर चमकायला लागला. बाकीची पोरं चार वर्षांची असल्यापासून एकत्र. त्यांचे विनोद जुने, त्यांची भांडणंसुद्धा जुनी. तिला कुणी वाईट वागवलं असं नाही. शुक्रवारच्या मिस्सेला वाचनासाठी तर तिचं नाव सगळ्यात आधी घेतलं जायचं, कारण आवाज खणखणीत होता. अडलं ते रसायनशास्त्रात. पॉमफ्रेटबाई हुशार होत्या, पण त्यांची गाडी मागच्या पाच वर्षांच्या रुळावरून धावत होती आणि इमेल्डा त्या रुळावर कधी आलीच नव्हती.

"दुपारच्या सुट्टीत ये, समजावते," बाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या. पण दुपारच्या सुट्टीत इमेल्डा गरिबांसाठी आलेले डबे लावत असे, लहान मुलांची प्रार्थना घेत असे. शरद ऋतूत शाळा बघायला पालक आले, तेव्हा गार्व्ही सरांनी तिला रसायनशास्त्राच्या तासातून उठवलं. तिचा हसरा चेहरा हवा होता. त्या आठवड्यात पॉमफ्रेटबाई आत शिकवत होत्या, आणि वर्गाच्या दाराबाहेर उभी राहून ती पाहुण्यांना सांगत होती, की ही आमची प्रयोगशाळा.

फाटकावर तेव्हाच तो मोठा फलक लागला. लूर्दचा फोटो, हेस्केथ आजोबा अर्धे कापलेले, इमेल्डा पूर्ण. खाली लिहिलं होतं: श्रद्धा, सेवा, यश.

उन्हाळ्यातल्या परीक्षेत रसायनशास्त्रात तिला ई मिळाला. जीवशास्त्रात बी, धर्मशास्त्रात ए. गार्व्ही सरांनी आईला बोलावलं. कोलेट बेकरीतून तशीच आली, बाहीला पीठ होतं.

"आम्हाला वाटतं," सर म्हणाले, "इमेल्डाला दुसरीकडे जास्त बरं वाटेल."

"तिला इथे बरं वाटतंय की. हो ना गं?"

"हो," इमेल्डा म्हणाली.

"पुढच्या वर्षात घ्यायचं तर तिन्ही विषयांत निदान डी लागतो. टेक्निकल कॉलेजात बालसंगोपन आहे, केशभूषा आहे..."

"तिला बाळंतपणं करायचीत, केस नाही कापायचे. एक विषय परत देईल की ती. आणखी एक वर्ष बसेल."

"मिसेस रिग्बी, टक्केवारीचाही प्रश्न असतो."

"कुणाच्या टक्केवारीचा?"

सरांनी खिडकीकडे पाहिलं. इमेल्डाला कळलं, की निर्णय आधीच झालाय आणि हे फक्त सांगणं चाललंय. ती रडली नाही. तिला लाज वाटली, आणि लाज आपल्याला का वाटतेय याचा राग आला. तो राग पुढे कधी गेलाच नाही.

मार्कांसाठी पोराला असं मधेच काढणं कायद्यात बसत नाही, हे रिग्बींना कितीतरी वर्षांनी पेपरात वाचून कळलं. ज्यांना त्या वेळी ठाऊक होतं ते भांडले असतील. रिग्बींच्या घरात शिक्षकाशी भांडायची पद्धत नव्हती. कोलेट फक्त फादरकडे गेली, मिस्सेनंतर, ते झगा उतरवत असताना.

"फादर, तुम्ही म्हणालात पोरगी दिसू दे. आता दिसतेय ना? फाटकावर दिसतेय."

"नियम सगळ्यांना सारखे, कोलेट," फादर म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता, डोळ्यांत पाणीही आलं त्यांच्या. "मी एकटा काय करणार? प्रार्थना करीन."

"ती आम्हीही करतो," कोलेट म्हणाली.

गरज सरो आणि वैद्य मरो, पण वैद्याची तसबीर मात्र राहो, असा प्रकार झाला. इमेल्डाला काढलं, फलक राहिला. ती टेकडीखालच्या वृद्धाश्रमात कामाला लागली, म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, खुर्च्या ढकलायच्या. ते तिला लूर्दपासून येत होतं. कामाला जायची बस शाळेच्या फाटकावरून जायची. तिनं उलट्या बाजूला बसायची सवय लावून घेतली. तिकडच्या बाजूला दफनभूमी होती, ती बरी वाटायची.

"अगं, फाटकावरची ती तूच ना?" बरोबरची शँटेल एकदा म्हणाली. "यश म्हणे! आणि इथे माझ्याबरोबर चादरी बदलतेस?"

"सेवा आहे ना वरती, तीच ही," इमेल्डा म्हणाली. दोघी हसल्या. घरी येऊन मात्र ती जेवली नाही. मिस्सेला जाणं तिनं त्याच हिवाळ्यात सोडलं. फलक तीन वर्षं राहिला, त्यावरचा तिचा चेहरा उन्हानं निळा पडला, आणि मग फलकावर दुसरी एक मुलगी आली.

चोविसाव्या वर्षी तिला मुलगा झाला, फिंटन. त्याचा बाप गॅरेथ गोदामात रात्रपाळी करायचा, त्याला देवाधर्माचं सोयरसुतक नव्हतं. बाळ घरी येऊन आठवडा झाला नाही तोच कोलेट तोच पिढीजात झगा इस्त्री करून घेऊन आली.

"सहा महिने, इमेल्डा."

"आई, नाव काढू नकोस."

"मी नाव काढलं नव्हतं म्हणून तर हे झालं."

"त्या लोकांनी मला फाटकावर टांगलं आणि शाळेतून हाकललं. त्यांच्याच दारात मी पोराला घेऊन जाऊ?"

"मग कालव्यापलीकडे पाठव," कोलेट म्हणाली. "पाठवतेस?"

 कालव्यापलीकडच्या शाळेचे त्या वर्षी सरकारी तपासणीत पुन्हा वाभाडे निघाले होते, ते इमेल्डानं वाचलं होतं. आपल्याला ज्यानं लाथाडलं त्याच्याच पुढे लेकरासाठी हात पसरायचा, यासारखी कडू गोष्ट नाही. पाच महिने इमेल्डा ती गिळत राहिली. मग फादरकडे जाऊन तारीख घेऊन आली.

"परत आलीस, फार बरं वाटलं," फादर म्हणाले. ती हो म्हणाली.

बाप्तिस्मा रविवारच्या मिस्सेतच होता. रीत अशी, की सुरुवातीला फादर दाराशी येऊन आईबापांना विचारतात आणि सगळी मंडळी मागे वळून बघतात. दुसऱ्या बाकावर गार्व्ही सर होते, आता मुख्याध्यापक झालेले. तेही वळले.

"बाळाचं नाव काय ठेवलंत?"

"फिंटन," गॅरेथ म्हणाला.

"आणि फिंटनसाठी तुम्ही देवाच्या चर्चकडे काय मागता?"

इथे एकच शब्द म्हणायचा असतो. आदल्या गुरुवारी फादरांनी तो तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला होता. इमेल्डानं फादरांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून दुसऱ्या बाकाकडे.

"शाळेत जागा," ती म्हणाली. आवाज अजूनही खणखणीत होता, वेदीपर्यंत गेला.

 शेजारच्या म्हणून बोलावलेल्या टर्नबुलबाई आपल्या बुटांकडे बघायला लागल्या. त्या चर्चमध्ये कडेवर लेकरू घेऊन आलेली जेवढी माणसं होती, त्यातल्या निम्म्यांनी हेच मागितलं होतं, फक्त म्हटलं दुसरं होतं. गार्व्ही सर हळूच पुढे वळले.

"बाप्तिस्मा," फादर अ‍ॅस्पिनल हलकेच म्हणाले, पाठांतर विसरलेल्या पोराला सांगावं तसे.

"तोही," इमेल्डा म्हणाली.

फादरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुस्तकाचं पान उलटलं. पाणी घातलं तेव्हा फिंटननं भोकाड पसरलं. कोलेटनं मागून हात घालून त्याचा झगा सारखा केला. या वेळी सगळी बटणं लागली होती.