भासऱ्यांचा रेडिओग्राम

आमच्या भासऱ्यांनी आयुष्यात एकही गोष्ट घाईने केली नाही. जन्मालासुद्धा ते सुईण कंटाळून घरी जेवायला गेल्यावर आले, असं माझ्या सासूबाई सांगत. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या वऱ्हाडात त्यांना हेच म्हणतात. ते अकोल्याला जुन्या शहरात राहत आणि आम्ही अमरावतीला, कारण माझे यजमान तिथल्या एका शाळेत शिकवत. भासरे सरकारी मोजणीदार होते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणाऱ्या दोन भावांच्या मधोमध उभं राहून, दोघांच्याही शिव्या शांतपणे ऐकत, साखळी टाकून शेत मोजायचं, हा त्यांचा धंदा. या नोकरीने त्यांना एक सवय लावली होती. कोणतीही गोष्ट चारही बाजूंनी फिरून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास टाकायचा नाही. शेताच्या बाबतीत हे ठीक होतं. पण ते वांगंसुद्धा चारही बाजूंनी पाहत. बाजारातली भाजीवाली त्यांना इतकी ओळखून होती की ते लांबून दिसले की ती चांगली वांगी आधीच निवडून बाजूला काढून ठेवी. त्यावर यांचा संशय वाढे, की ही बाई हीच वांगी मलाच का देऊन राहिली, आणि ते दुसरीकडे जात.

छत्रीची गोष्ट तर आमच्या घरात वर्षानुवर्षं सांगितली जाई. एकदा मृग लागला तसे ते छत्री घ्यायला निघाले. अकोल्यातलं एक दुकान सोडलं नाही. प्रत्येक छत्री उघडली, मिटली, उजेडाकडे धरून कापड पाहिलं, दांडा वाकवून पाहिला, आणि दिवाळीच्या सुमारास एक छत्री घेऊन घरी आले. पुढे पाऊस नव्हताच, त्यामुळे ती उन्हाळ्यापर्यंत कोरी राहिली. तेव्हा माझ्या यजमानांना म्हणाले, "पाह्य, कशी टिकाऊ निघाली."

मुलगी मात्र त्यांनी चांगल्या घरी दिली, आणि तीही अशीच चारही बाजूंनी पाहून. कुसुम त्यांची एकुलती एक. जबलपूरचं स्थळ आलं तेव्हा ते कोणाला न सांगता तिथे जाऊन धर्मशाळेत राहिले, मुलाच्या घरासमोरच्या हॉटेलात बसून चहा पीत राहिले, आणि मुलगा सायकल पंक्चर झाल्यावर पंक्चरवाल्याशी कसा बोलतो ते पाहून आले. तो नीट बोलला, म्हणून लग्न ठरलं. जावई खरोखरच सोन्यासारखा निघाला. त्यामुळे भासऱ्यांच्या पद्धतीला नावं ठेवायची आमची सोयच उरली नाही.

पण कुसुम गेली आणि घर गप्प झालं. हे मला कळलं ते मी उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा. घर तसं साधं, एकामागे एक तीन खोल्यांचं. पुढे बैठक, मध्ये एक खोली, मागे स्वयंपाकघर. बैठकीत भासरे पेपर घेऊन बसत आणि स्वयंपाकघरात माझ्या जाऊबाई. मधली खोली कुसुमची. भासरे माझ्याशी समोरासमोर बोलत नसत, मीही डोक्यावर पदर घेऊन आडूनच बोले. ती तेव्हाची रीतच होती. पण ते आपल्या बायकोशीही फारसे बोलत नाहीत, हे मला नवीन होतं. भांडण नव्हतं. त्यांचं लग्न झालं तेव्हा घरात माणसं खूप, मग लाजेपोटी बोलणं राहिलं, आणि पुढे कुसुम बोलायला लागली तेव्हापासून सगळं तिच्यामार्फत चाले. बाबा, आई म्हणते तेल आणा. आई, बाबा विचारून राहिले, अकोटले कधी जायचं. पोरगी दिवसभर मधल्या खोलीतून इकडून तिकडे निरोप नेई. ती सासरी गेल्यावर निरोप न्यायला कोणी उरलं नाही. जाऊबाई ताट वाढून पाटावर भांडं जरा जोरात ठेवत. भासरे तो आवाज ऐकून जेवायला येत. जेवण झालं की ते पुढे, ह्या मागे. मधल्या खोलीत कुसुमच्या पलंगावर घडी घातलेली चादर तशीच असे.

त्या सुटीत मी एकदा जाऊबाईंना धान्य निवडताना गुणगुणताना ऐकलं. आवाज गोड होता. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, माहेरी अकोटला आमच्याकडे भोंग्याचा फोनो होता, चावी भरायचं काम माझ्याकडे असायचं. एवढंच बोलल्या आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या. मी हे घरी आल्यावर यजमानांना सांगितलं, त्यांनी भावाला सांगितलं, आणि भासरे विचार करायला लागले.

त्या काळात रेडिओग्राम नावाचं एक नवं प्रकरण मोठ्या घरांतून दिसायला लागलं होतं. लाकडाची देखणी, पायांवर उभी असलेली लांबट पेटी. तिच्यातच रेडिओ, तिच्यातच तबकड्या वाजवायची सोय, तिच्यातच स्पीकर. वेगळा फोनो नको, वेगळा रेडिओ नको, सगळा संसार एका पेटीत. भासऱ्यांनी ती पहिल्यांदा एका वकिलांच्या घरी पाहिली. वकिलांची जमीन मोजायला गेले होते. जमीन झटपट मोजली आणि पेटीभोवती फेऱ्या घालत बसले.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. शेजारी म्हणाले, एकात सगळं नको. फोनो बिघडला की रेडिओही दुरुस्तीला जाणार. कचेरीतले म्हणाले, उंदीर आत शिरला तर दोन्हींच्या वायरी एकदम खाईल. कोणी म्हणालं, सुटं असलं की एक विकून दुसरं नवं घेता येतं. हे सगळं ते ऐकून घेत आणि म्हणत, "हाव, हे बरोबर आहे. मी पाहून राहिलो." दुसऱ्या दिवशी कोणी उलट बोललं की तेही बरोबर असे.

एका शहराच्या दुकानांवर विसंबून चालणार नाही म्हणून ते अमरावतीला आमच्याकडे येऊ लागले. बडनेऱ्याला गाडी बदलून सकाळी यायचे, चहा घ्यायचे आणि दुकान उघडायच्या आधी दुकानासमोर उभे राहायचे. दुकानदार पहिल्यांदा त्यांना खुर्ची देई, चहा मागवी. मग चहा बंद झाला. मग खुर्चीही गेली. पण भासऱ्यांना त्याचं काही वाटत नसे, कारण एव्हाना ते त्या यंत्राचे जाणकार झाले होते. एक तबकडी संपली की दुसरी आपोआप खाली कशी पडते, सुई कधी बदलायची, व्हॉल्व्ह तापायला वेळ का लागतो, हे ते येणाऱ्या गिऱ्हाइकाला समजावून सांगत. त्यात विकण्याची घाई नसे, त्यामुळे गिऱ्हाइकाला ते खरं वाटे. गिऱ्हाईक पेटी घेऊन जाई आणि हे हात हलवत आमच्या घरी जेवायला येत. शेवटी दुकानदाराने त्यांची खुर्ची परत आणली, चहाही सुरू केला, आणि नोकरी सोडून दुकानातच बसा असं सुचवलं. भासऱ्यांनी त्यावरही विचार करून सांगतो म्हटलं.

असा बराच काळ गेला. आम्ही तो विषय सोडून दिला होता. मग अमरावतीला नात्यातलं एक लग्न निघालं आणि भासरे जाऊबाईंना घेऊन आले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या यजमानांना म्हणाले, आज सगळेच दुकानात जाऊ. मलाही न्यायला सांगितलं, अर्थात माझ्याकडे न पाहता.

दुकानात जाऊबाई एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी पेटीला हातही लावला नाही. दुकानदाराने त्या दिवशी मन मोठं केलं. म्हणाला, मोजणीदारसाहेब, तुम्ही माझं एवढं काम केलंत, तर आता खरं सांगतो, तुम्हाला ही पेटी नको. एक साधा रेडिओ घ्या, एक सुटा फोनो घ्या. स्वस्तात पडेल आणि दोघांची सोय होईल. माझ्या यजमानांनाही ते पटलं. ते म्हणाले, "दादा, हेच बरं. रेडिओ बैठकीत ठेवा, फोनो आत ठेवा. तुम्ही तुमच्या बातम्या ऐका, वहिनी त्यांची गाणी ऐकतील. या पेटीत काय, एका वेळी एकच वाजतं."

भासरे पेटीच्या झाकणावरून हात फिरवत उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील की पाहून राहिलो, आणि आपण घरी जाऊ. पण ते हळूच म्हणाले, "थेच तर. एका वेळी एकच वाजते. मंग दोघाले एका जागी बसा लागते."

यजमान त्यांच्याकडे पाहतच राहिले. एवढा काळ हा माणूस लाकूड, सुई आणि व्हॉल्व्ह विचारत फिरत होता, आणि खरं जे विचारायचं होतं ते विचारायला त्याला धीर होत नव्हता. भासरे वळले. चारचौघांत बायकोच्या तोंडाकडे बघून बोलताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं,

"तू बसशीन काय?"

जाऊबाईंनी पदर पुढे ओढला. कानांपर्यंत लाल झाल्या होत्या. मला वाटलं, माझ्यामार्फत उत्तर देतील. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलंही. मग खाली बघत त्याच म्हणाल्या, "बसीन ना."

त्यानंतर भासऱ्यांनी जी घाई केली ती त्यांना शोभणारी नव्हती. हमीचं विचारायचं विसरले. तबकड्या कोणत्या हव्यात ते जाऊबाईंना विचारलं, आणि त्यांनी खंजिरीवरच्या भजनाची एक आणि नाटकातल्या गाण्यांची एक दाखवली तर दोन्ही न पाहताच बांधायला सांगितल्या. पेटी कशी न्यायची हा प्रश्न होता. तेव्हा रुईच्या गाठी उतरवून अकोल्याला रिकामा परतणारा एक ट्रक त्यांनी गाठला, आमच्या घरातली गादी मागून घेतली, पेटी गादीत गुंडाळली आणि स्वतः मागे तिला धरून बसले. जाऊबाई पुढे ड्रायव्हरशेजारी. वाटेत प्रत्येक खड्ड्याला जाऊबाई मागच्या जाळीतून वळून बघत होत्या, असं भासरेच पुढे कौतुकाने सांगत. पेटीकडे बघत होती की माझ्याकडे, हे मात्र समजलं नाही म्हणायचे.

अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलापर्यंत सगळं नीट झालं. जुन्या शहराच्या गल्लीत ट्रक शिरेना, म्हणून पेटी हमालांच्या खांद्यावरून घरी आली, बैठकीतून आत गेली आणि मधल्या खोलीच्या दारात अडकली. सगळ्या जिल्ह्याची जमीन मोजलेल्या माणसाने पेटी मोजली होती, दार मोजलं होतं, पण बाहेर आलेली बटणं धरली नव्हती. गल्लीतल्या लोकांनी सल्ला दिला, राहू द्या बैठकीतच, शोभून दिसते. भासरे म्हणाले, नाही, मधातच ठेवायची. त्यांनी सुताराला बोलावून दाराची कवाडं काढली. ती पुन्हा बसवायची होती, पण कशी बसवावी यावर ते विचार करत राहिले आणि कवाडं परसात भिंतीला टेकून राहिली.

सुरुवातीला दोघंही पेटीसमोर फोटो काढायला बसल्यासारखी बसत, असं शेजारीण सांगे. बातम्या लागल्या की जाऊबाई हात जोडून बसत, तबकडी लागली की भासरे मांडीवर हात ठेवून ताठ. मध्ये कोणी बोलत नसे. मग एकदा बातम्यांत कुठल्याशा देशाचं नाव आलं आणि जाऊबाईंनी विचारलं, हे कुठं आलं? मोजणीदाराला दुसरं काय हवं होतं? त्यांनी जमिनीवर बोटाने नकाशा काढायला घेतला, अकोल्यापासून सुरुवात करून. तो देश येईपर्यंत बातम्या संपल्या होत्या.

दोघंही आता नाहीत. कुसुमने पेटी जबलपूरला नेली, ती चालते की नाही ठाऊक नाही. मला ते घर आठवतं ते पुढच्या एका उन्हाळ्यातलं. आम्ही दोघं अकोल्याला गेलो होतो. यजमान बाहेर गेले होते आणि संध्याकाळी गल्लीतली वीज गेली. मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता. कंदील लावताना मला मधल्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला आणि वाटलं, रेडिओवर काहीतरी चालू आहे. मग लक्षात आलं की वीज नाही.

मी कपबशा घेऊन दाराशी गेले. अंधारात दोघं बसली होती. जाऊबाई अकोटच्या कुठल्या तरी विहिरीची गोष्ट सांगत होत्या, त्यांच्या लहानपणची. भासरे अधूनमधून "हाव?" म्हणत होते. मी आत जावं की न जावं या विचारात असतानाच वीज आली. पेटीचं बटण चालूच राहिलं होतं. ती हळूहळू तापली, घरघरली आणि बातम्या सुरू झाल्या. जाऊबाई बोलता बोलता थांबल्या. बातम्या लागल्या की कोणी बोलायचं नाही, ही त्या घरातली जुनी शिस्त.

भासऱ्यांनी हात लांब केला आणि बटण फिरवून बातम्या बंद केल्या.

"मंग?" ते म्हणाले. "पुढं काय झालं त्या विहिरीवर?"

मी पाऊल न वाजवता मागे फिरले, आणि तो चहा यजमान आल्यावर आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बसून प्यायला.