गुरुजींच्या घरच्या गुप्त बैठका

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे विसरूनही गेलो. हे प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही. गंमत अशी, की यात ना खून होता ना दरोडा. होती ती तीस वर्षांपूर्वीची एक फाइल आणि तिच्यावर विसंबून मी डोळे झाकून केलेली एक सही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माझ्याकडे गोपनीय शाखा होती. लोकांना वाटतं, गोपनीय म्हणजे काळा चष्मा लावून पाठलाग. कसलं काय! सकाळी आठच्या सुमारास प्रत्येक ठाण्याचा गोपनीय अंमलदार फोन करायचा. कुठं मोर्चा, कुठं उपोषण, कोणत्या पक्षाची बैठक, ते सांगायचा. काहीच नसलं तर ‘निरंक’ म्हणायचा. ते सगळं एकत्र करून वर पाठवलं, की आमचा चहा यायचा. शिवाय चारित्र्य पडताळणीचं काम होतं. सरकारी नोकरीत निवड झालेल्यांचे कागद यायचे, अंमलदार जुनं रेकॉर्ड पाहून शेरा लिहायचा आणि मी खाली सह्या करत सुटायचो.

एके दुपारी एक मुलगी आली. येरमाळ्याजवळच्या गावची, महसूल खात्यात निवड झालेली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

“साहेब, माझ्या पडताळणीवर तुमची सही हाय. त्यात प्रतिकूल लिवलंय म्हणे. काय लिवलंय ते तरी सांगा.”

“ते गोपनीय असतं.”

“माझ्याबद्दलचं माझ्यापासूनच गोपनीय?”

तिला विचारलं तेव्हा कळलं, की हजर व्हायची मुदत संपायला बारा दिवस आहेत. तेवढ्यात शेरा सुधारला नाही, तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावतील. वडील लहानपणीच गेलेले. आजोबांनी वाढवलं, शिकवलं. आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. चार वर्षं अभ्यास करून तिनं ही परीक्षा काढली होती.

ती गेल्यावर मी कागद मागवला. शेरा असा होता: ‘उमेदवाराचे आजोबा जहाल विचारांचे असून त्यांचे राहते घरी गुप्त बैठका होतात. उमेदवार त्याच घरात राहते.’ बैठका होतात! हे वाक्य आमच्या अंमलदारानं तीस वर्षांपूर्वीच्या फाइलीतून जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि खाली माझी सही झोकात बसली होती. मला माझीच लाज वाटली. पण खरं सांगतो, लाजेपेक्षा कुतूहल जास्त होतं. हा जहाल गुरुजी आहे तरी कोण? मी फाइल काढायला लावली आणि वाचत बसलो.

पाझर तलावांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांची संघटना गुरुजींनी काढली होती. तिच्यावर पाळत ठेवायचा आदेश वरून आला. मग दर आठवड्याला ठाण्याच्या गोपनीय हवालदाराचा एक अहवाल. ‘विश्वसनीय बातमीदाराकडून समजते की, गुरुजींचे घरी चौदा इसम जमले. मागण्या मान्य न झाल्यास उग्र आंदोलन छेडण्याचे ठरले.’ असे दोन वर्षांतले शंभरेक कागद. आणि त्या दोन वर्षांत संघटनेनं केलं काय? तहसीलवर एक धरणं धरलं, तेही रीतसर परवानगी घेऊन. एक काच फुटली नाही की एक गुन्हा दाखल नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं.

एका अहवालाच्या तारखेवर माझं बोट थांबलं. चैत्री पौर्णिमेचा दुसरा दिवस, सकाळी अकरा, गुरुजींचे घरी चौदा इसम. आता ज्यानं येरमाळ्याच्या यात्रेत बंदोबस्त केलाय, त्याला सांगावं लागत नाही. त्या दिवशी येडेश्वरीची पालखी निघते आणि लाखो माणूस चुन्याच्या रानात चुनखडी वेचायला लोटतं. आसपासच्या गावांत घरांना कुलपं असतात. चौदा काय, चार माणसं घरी सापडायची नाहीत. मी यात्रेची जुनी बंदोबस्त फाइल मागवली. नवा बंदोबस्त जुन्यावरूनच उतरवतात, म्हणून त्या फाइली आमच्याकडे कुणी रद्दीत टाकत नाही. त्या वर्षीच्या यादीत आमचे गोपनीय हवालदार पहाटेपासून पालखीबरोबर तैनात होते.

म्हणजे बैठकीला माणसं नव्हती आणि बातमी देणारा हवालदारही तिथं नव्हता. मग अहवाल आला कुठून?

माझे कागद सांभाळणाऱ्या रायटरनं हळूच माहिती दिली, “साहेब, ते हवालदार अजून हयात हायेत. कळंबला, मोंढ्याच्या मागं राहतात.” मी ठरवलं, आधी गुरुजींना भेटू, मग कळंब.

दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या कपड्यांत गेलो. गुरुजी ऐंशीच्या पुढचे, कानानं जरा मंद, पण नजर लख्ख. नात दारातच उभी राहिली.

“गुरुजी, तुमच्या घरी गुप्त बैठका होत होत्या?”

“आमच्या बैठका पारावर व्हायच्या. भोंगा लावून. गुप्त ठेवून कुणाला ऐकवायचं होतं?”

“मग घरातल्या बैठकांची बातमी कोण देत होतं?”

“ते सरकारी कागद आहेत साहेब. सरकारला विचारा.”

“आजोबा, माझी नोकरी चाललीय!” नात कळवळून म्हणाली. मी तासभर नाना तऱ्हांनी विचारलं, पण म्हातारा ढिम्म. शेवटी निघालो, तेव्हा जीपपर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, “कळंबला जाताय तर त्यांना फार ताणू नका. आता वय झालंय त्यांचं.”

कळंबचं मी बोललोच नव्हतो! इतक्या वर्षांत एक पाहिलंय. स्वतःला वाचवणारा माणूस विषय टाळतो, दुसऱ्याला वाचवणाऱ्याला मात्र त्याची काळजी लपवता येत नाही.

कळंबला हवालदार पत्र्याच्या सावलीत बसले होते. मी त्यांना उभं राहून सॅल्यूट ठोकू दिला नाही, शेजारी बसलो. अहवालाचं नावच काढलं नाही. यात्रेच्या गप्पा सुरू केल्या. किती गर्दी, किती धूळ, पोरं कशी हरवायची.

“त्या वर्षी चुनखडीच्या दिवशी तुम्ही कुठं होता?”

“पालखीम्होरंच की! पहाटंपसनं. पायाला फोड आले हुते.”

“मग त्याच दिवशी अकरा वाजता गुरुजींच्या घरातली चौदा माणसं कुणी मोजली?”

हवालदारांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, “पेन्शन जाईल का साहेब?”

जो आधी शिक्षा विचारतो त्याची कबुली झालेलीच असते.

“तीन आठवडे म्या निरंक पाठवलं,” ते सांगू लागले. “खरंच काय नव्हतं साहेब. चौथ्या आठवड्याला मेमो आला. कामात कसूर, बदली का करू नये म्हणून. घरात बायको अंथरुणाला खिळलेली. मग काय करावं? गुरुजींच्या घरासमोर लिंबाखाली दिवसभर बसून ऱ्हायलो. उन्हाळ्याचे दिस. दुपारी गुरुजीच बाहेर आले. म्हणले, ‘हवालदार, उन्हात कशाला मरताय? माझ्यावरच ध्यान ठिवायचंय न्हवं? आत येऊन ठिवा.’ पाणी दिलं, च्या दिला. म्या रडलो त्यांच्याम्होरं. तर म्हणले, ‘काढा कागद, मी सांगतो तसं लिहा.’”

“म्हणजे तो विश्वसनीय बातमीदार—”

“गुरुजीच! दर मंगळवारी जायचो. वरनं शेरा आला, अहवाल त्रोटक हाय, सविस्तर पाठवा. मग गुरुजींनी जरा तिखट केलं. उग्र आंदोलन बिंदोलन त्यांचंच. यात्रेच्या आठवड्याला त्यांनाबी जायचं हुतं, मलाबी. म्हणून आदल्या मंगळवारीच म्होरल्या आठवड्याची बैठक लिवून ठिवली. तारीख बघायचं दोघांच्याबी ध्यानात आलं न्हाय.”

मला हसू आवरेना. तीस वर्षं कुलपात जपलेली सरकारची गुप्त माहिती ज्याच्यावर पाळत त्यानंच, स्वतःच्या ओट्यावर बसून, चहा पीत सांगितलेली! पण हसता हसता नातीची आठवण झाली आणि मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“पोरीची नोकरी अडली? आन् गुरुजी बोलले न्हाईत?” ते ताडकन उठले. “जीप हाय न्हवं? चला.”

“जबाब दिलात तर कागद वर जाईल,” मी बजावलं. “इतक्या जुन्या गोष्टीवर पेन्शन अडू नये. पण वर कुणाच्या टेबलावर तो कसा फिरेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.”

“गेली तर गेली. चला म्हणतो ना!”

दुपारी आम्ही गुरुजींच्या घरी पोचलो. हवालदारांनी ओट्यावर बसून सगळं परत सांगितलं, या वेळी त्या मुलीसमोर. ती ऐकत होती आणि तिचा संताप वाढत होता. शेवटी ती आजोबांवर फुटलीच.

“म्हणजे तुमाला सगळं म्हाईत हुतं! माझी चार वर्षं मातीत जाताना बघत बसला? मी कोण तुमची?”

गुरुजी स्पष्ट म्हणाले, “तू पोरी परत परीक्षा दिली असतीस. पास झाली असतीस. ह्या वयात त्यांची पेन्शन गेली असती तर त्यांनी कोणती परीक्षा द्यायची?”

ती आत गेली, तोंड धुऊन आली आणि हवालदारांच्या शेजारी बसली. मी जबाब लिहून घेतला. हवालदार सही करू लागले, तेव्हा तिनं खालून कागद धरला. माझाही खुलासा त्याच प्रकरणाला जोडला: पडताळणी न करता सही केली. पोलीस अधीक्षकांनी दोन्ही कागद वाचले, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “हे वर पाठवलं तर हसतील आपल्याला.” मी म्हटलं, “हसू देत सर.” त्यांनी त्याच दिवशी सुधारित शेरा दिला. मुदतीला तीन दिवस असताना मुलगी हजर झाली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? पाळत ठेवू नये, असं मी म्हणणार नाही. त्या कामावर माझं घर चाललं. पण ज्याला ‘काही नाही’ असं लिहायची मुभा नसते, तो काहीतरी घडवून आणतो, हे मी तिथं शिकलो. आणि चारित्र्य पडताळणीचे इतके कागद मी हातावेगळे केले, पण त्या दुपारी ओट्यावर जे चारित्र्य पाहिलं, ते शंभर कागदांच्या फाइलीत एका ओळीतही नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलावरचा एकही प्रतिकूल शेरा मी माणसाला स्वतः भेटल्याशिवाय पुढं सोडला नाही. काम तुंबायचं, बोलणी बसायची. बसू देत.

हवालदारांचं प्रकरण मात्र वर लटकलं. ती मुलगी दर सोमवारी मला फोन करायची. स्वतःच्या कामाचं अवाक्षर नाही. “हवालदार आजोबांचं काय झालं साहेब?” एवढंच. मी म्हणायचो, अजून काही नाही. असे चार महिने गेले. मग एका बुधवारी वरून पत्र आलं: ‘कोणत्याही कार्यवाहीची आवश्यकता नाही.’ सोमवारची वाट न पाहता मीच तिला फोन लावला. तिकडं लोकांचा गलका चालला होता, तिच्या टेबलापुढं रांग असावी. मी पत्र वाचून दाखवलं. ती नाक ओढत म्हणाली, “साहेब, आज मला नोकरी लागली बघा.”