अक्कांचा पांढरा रुमाल

इंजिनाच्या डिझेल पंपाचं काम झालं की अक्का ट्रक चालू करायला लावायच्या. कमरेला खोचलेला पांढरा रुमाल काढून सायलेन्सरच्या तोंडाशी धरायच्या आणि त्याच रुमालानं स्वतःचं तोंड पुसायच्या. हीच त्यांची गॅरंटी. तोंड पुसलं नाही, तर पंप पुन्हा उतरणार हे समजून घ्यायचं.

सोलापुरात होटगी रस्त्याला त्यांची खोली होती. नवरा गेल्यावर ट्रकचे डिझेल पंप दुरुस्त करायचं काम त्या एकट्याच बघत. आत जायचं तर चपला बाहेर. "धूळ तुला कळत न्हाय, पंपाला कळती." मिशा पिळणारे ड्रायव्हर दारात अनवाणी, हात मागे बांधून उभे राहायचे. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, इथं प्रसाद मिळतो की काय.

मी गोंदियाकडचा, आठवीतून शाळा सुटलेला. इतक्या लांब ट्रक चालवायला आलो तेव्हा रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघायचो. मागून कोणी हॉर्न देईल, मालकाचा फोन येईल, ही धास्ती कायम. त्यात माझा ट्रक सिमेंट भरून तुळजापूरच्या घाटात दोनदा बसला. मालक म्हणाले, "आता थांबलास तर किल्ली ठेव आणि गावाकडं जा."

ट्रक स्टँडवर सगळ्यांचं एकच मत : काळा धूर म्हणजे ताकद. पंपात मोठे एलिमेंट, म्हणजे डिझेल ढकलणारे दट्टे टाक, जास्त डिझेल जाईल, ट्रक पळेल. मी नवा सेट आणला आणि अक्कांपुढं ठेवला.

"हे पंपात बसवून द्या जी."

"आधी हवा," अक्का म्हणाल्या. कोणालाही त्या पहिलं हेच सांगायच्या. "तम्मा, ट्रक चालू कर."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी चालू केला. अक्कांनी रुमाल धरला, तो तव्याच्या बुडासारखा काळा झाला.

"ह्याला खायाला लई मिळतंय. श्वास कुटं हाय?"

"पण उद्या घाट आहे जी."

"माझ्याशी जी जी करण्यापरीस इंजिनाला जी म्हण. ऐकतंय का बघ."

मग त्यांनी टर्बोपासून इंजिनकडं हवा नेणाऱ्या रबरी पाइपला साबणाचा फेस लावला आणि मला एक्सिलेटर दाबायला सांगितलं. क्लिपेखाली बुडबुडे आले. पाइप चिरलेला होता. हवा बाहेर, डिझेल आत, आणि मी आणखी डिझेल ओतायला निघालो होतो.

पाइप बदलल्यावर मी भीतभीत विचारलं, "मग एलिमेंट परत करू?"

"का? आणलंयस की. आता पचंल त्याला."

पंप तपासणीच्या बेंचवर चढला. सहा काचेच्या नळ्यांत डिझेल पडायला लागलं. अक्का वाकून बघायच्या, पंप थांबवायच्या, पाना किंचित फिरवायच्या, पुन्हा चालू. सहाही नळ्यांत सारखं पडेपर्यंत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. डिझेल वाढवलं, पण रुमाल पांढरा राखून. शेवटी पंपाला शिशाचं सील मारलं. "घाटात कुणी म्हणंल, स्क्रू अजून फिरव. त्याला माझ्याकडं पाठव."

पंप परत ट्रकला बसला, मी ट्रक चालू केला, अक्कांनी रुमाल धरला. बघितला. तोंड पुसलं. मला रडू आलं, तर म्हणाल्या, "तुला न्हाय देणार रुमाल. डिझेलचा वास येतोय."

दुसऱ्या दिवशी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. वर पोचेपर्यंत आरशात एकदाही बघितलं नाही. किल्ली अजून माझ्याकडेच आहे.

अक्का गेल्या. त्या खोलीत आता टायरचं दुकान आहे, लोक चपला घालून आत जातात.

परवा घाटाच्या माथ्यावर ट्रक बाजूला घेतला, क्लीनरला एक्सिलेटर दाबायला लावला आणि माझा रुमाल सायलेन्सरपाशी धरला. मधोमध करडा डाग उठला. माझ्या मागे थांबलेला ड्रायव्हर म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय, चल की."

मी तोंड पुसलं नाही. रुमाल खिशात घातला, साबण भिजवला आणि बॉनेट उघडलं.