हिराजीमामांचा कान

हे मी मालतीलाही सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कवळीपासून माझ्या घोरण्यापर्यंत सगळं तिला ठाऊक आहे, पण हे नाही. मुलांना सांगायचा प्रश्नच नव्हता. धंद्यातल्या माणसांना सांगून स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल? तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढे अजून जीभ रेटत नाही.

मी जुनी व्हायोलिनं दुरुस्त करायचो आणि त्यांना हाताने पॉलिश करायचो. खाडीपूल झाल्यावर आम्ही वाशीला नव्या वसाहतीत तळमजल्यावर घर घेतलं, तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. तिथे धड दुकानं नाहीत, तुझ्याकडे व्हायोलिनं कोण आणणार? पण आली. संगीताच्या क्लासमधली आली, नाटकाच्या साथीदारांची आली, कुणाच्या आजोबांची माळ्यावरून काढलेली आली. गॅलरीला जाळी लावून मी तिथे टेबल टाकलं होतं. पावसाळ्यात काम बंद, कारण दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडतं. दिवाळीपासून होळीपर्यंत मात्र आमच्या घराला स्पिरिटचा वास. मालती म्हणायची, पाहुण्यांना वाटत असेल हा माणूस सकाळपासून पितो.

हे पॉलिश कसं करतात ते आधी सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची. कापूस मलमलीत गुंडाळून पुरचुंडी करायची, ती लाखेत बुडवायची, बोटभर तेल लावायचं आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. एक हात वाळला की त्यावर दुसरा. माझे वडील गिरगावात कपाटं आणि पलंग पॉलिश करायचे. त्यांचा दंडक होता की वस्तूत स्वतःचे दात दिसेपर्यंत ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही. मी तोच हात शिकलो. आणि माझा हात चांगला होता — हे मी आजही म्हणणार. बढाई आहे, असू दे. त्या बढाईपायीच तर सगळं झालं.

पुढे मी मुंबईत वाद्यांच्या एका दुकानात काम शिकलो. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं — कपाट नुसतं बघायचं असतं, व्हायोलिन वाजायचं असतं. त्याचा जुना रंग खरवडायचा नाही. धूळ काढ, चीर सांध, उडालेल्या जागी तेवढा रंग भर आणि हात मागे घे. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्हाला माझी कीव यायला नको.

जवळच्या दिवाळे गावातल्या कोळीवाड्यातली चांगुणाबाई आमच्या सोसायटीत मासळी घेऊन यायची. मालतीचं आणि तिचं चांगलं जमायचं, म्हणजे भाव करताना भांडायच्या आणि मग एकत्र चहा प्यायच्या. मी काय काम करतो ते तिने जाळीतून बघितलं आणि एक दिवस नवऱ्यालाच घेऊन आली. हिराजीमामा. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, अंगाने काटक, बोलणं कमी. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं व्हायोलिन.

ते त्यांच्या वडिलांचं. वडिलांनी कुठल्याशा ब्यांडमास्तराकडून घेतलेलं. मामा होडीवर जायचे आणि गावातल्या लग्नांत वाजवायचे — हनुवटीखाली धरून नव्हे, छातीला टेकवून. थोरल्या मुलीच्या हळदीला बापाने स्वतः वाजवायचं अशी त्यांच्या घरची रीत होती. त्यांच्या वडिलांनी मामांच्या बहिणीच्या हळदीला वाजवलं होतं. आता मामांच्या थोरलीचं लग्न ठरलं होतं आणि व्हायोलिनच्या पुढच्या फळीला चीर गेली होती.

"मास्तर, ही चीर तेवडी सांधा," ते म्हणाले. "रंगाला हात नको. माजे बापाचा घाम हाय त्याव."

मी हो म्हटलं. अगदी स्पष्ट हो म्हटलं.

त्यांनी आधी वाजवून दाखवलं. चीर असूनही — काय सांगू तुम्हाला? गॅलरीत उभा राहून मी ऐकत होतो आणि आतून मालती पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. वरच्या मजल्यावरच्या बायका कठड्याला आल्या. आवाज मोठा नव्हता. पण भरलेला होता, जिव्हाळ्याचा होता, आणि एकेक सूर जागच्या जागी. इतक्या चिकट, काळवंडलेल्या, गजाच्या राळेची पुटं चढलेल्या खोक्यातून असा आवाज येतो, याचं मला नवल वाटलं. आणि खरं सांगू? थोडा रागही आला. माझ्या हातून चकचकीत होऊन गेलेलं एकही व्हायोलिन असं वाजलं नव्हतं.

चीर सांधली. ते काम चांगलं झालं, त्यात खोट नाही. मग नुसती राळ पुसायची म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला. एका कोपऱ्यात जुना रंग विरघळला आणि खालचं लाकूड दिसलं — मधासारखं, रेघ रेघ सरळ. तिथेच थांबायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे ती हळद आली. सगळा गाव जमलेला, मामांच्या छातीवर हे व्हायोलिन, आणि लोक विचारतायत, कुणी केलं हो हे काम? मी सगळा रंग काढला. पॉलिशकागदाने फळी घासली. मग लाखेचे हात चढवत गेलो, रोज सकाळी, शीळ घालत. उघड्या लाकडाने लाख पाण्यासारखी पिऊन टाकली. पिऊ दिली मी. दात दिसायला लागले तेव्हा मी मालतीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, अय्या, नवंच केलंत की.

तारा चढवल्या आणि गज फिरवला. आवाज गेला होता.

म्हणजे वाजत होतं. पण उशीखालून कुणी बोलावं तसं. तारांखालची घोडी सरकवून बघितली, तारा बदलल्या, दोन फळ्यांमधली आतली दांडी हलवून बघितली. मला कळलं होतं हो. पहिल्याच सुराला कळलं होतं. घासून फळी पातळ केली होती आणि तिच्यात लाख मुरवली होती. ते आता कोणाच्या बापाला परत आणता येणार नव्हतं.

मामा आले. आधी ते व्हायोलिनकडे बघतच राहिले. मी रंगाला हात लावलाय हे त्यांना दिसलं, पण ते रागावले नाहीत. बोट फिरवून म्हणाले, "जाम मेहनत घेतलीव तुमी." मग छातीला टेकवून वाजवायला लागले. थांबले. पुन्हा वाजवलं. मान वाकडी करून कान फळीजवळ नेला.

"होडीला नवा रंग मारला का ती पयले जड चालते," ते स्वतःशीच म्हणाले. "मंग होते मोकली. तसाच आसंल."

मी मान डोलावली. मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "मास्तर, खरा सांगा. हा बरोबर वाजते का? का माजाच कान गेला?"

तुम्ही असता तर काय केलं असतं? जाऊ दे, तुम्हाला कशाला विचारतो. मी काय केलं ते सांगतो. मी हसलो. आपण म्हाताऱ्या माणसाशी बोलताना हसतो तसा, मायेने हसलो. म्हणालो, "वाजतंय छान, मामा. वय झालं की कान थोडा असाच होतो. माझ्या वडिलांचंही झालं होतं."

माझ्या वडिलांचं काही झालेलं नव्हतं. शेवटपर्यंत त्यांना शेजारच्यांची भांडणं शब्दन् शब्द ऐकू यायची.

हळदीला आम्ही दोघं दिवाळ्याला गेलो. मांडव भरलेला, मुलगी हळदीने पिवळीधमक, बायकांची गाणी चाललेली. मामा उठले तसा मांडव गप्प झाला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि चार ओळी झाल्यावर गज खाली केला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली. मुलगी रडायला लागली, चांगुणाबाईने पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांना वाटलं बापाचं मन भरून आलं. मामांनी हसून ब्यांडच्या पोरांना खूण केली, "वाजवा रे तुमी. माजा कान गेला." मांडवातली माणसं हसली. मालतीही डोळे पुसत हसली. मी जेवणाचं पान समोर घेऊन बसलो होतो. जेवलो. कोलंबी होती.

त्यानंतर ते वाजवायचे थांबले. चांगुणाबाई मालतीला सांगायची आणि मी गॅलरीत कामाचा आव आणून ऐकायचो. आणखीही एक सांगितलं तिने. पहाटे खाडीत धुकं असलं की समोरून येणारी होडी दिसत नाही, वल्ह्याच्या आवाजावर अंदाज घ्यायचा असतो. कान गेलेल्या माणसाने सुकाणू धरलं तर बरोबरची माणसं बुडतील, म्हणून मामांनी सुकाणू भाच्याकडे दिलं आणि आपण जाळी विणायला घरी बसले. "धडधाकट मानूस," ती म्हणायची, "ओट्याव बसून रवते." आणि एवढं सांगून मालतीच्या ताटलीत एक पापलेट जास्तीचं टाकायची. मास्तरांनी पोरीच्या लग्नासाठी जीव ओतला म्हणून. मला ते घशाखाली उतरेना. शेवटी मासळीने अंगाला खाज येते म्हणून मी मासे खायचे सोडले. मालती बिचारी डॉक्टरांकडून मलम घेऊन आली. ते मलम मी लावायचो. खरंच लावायचो.

मग मामा ते व्हायोलिन घेऊन एकदा घरी आले आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुमच्याकडं ठेवा. तुमचे हाताचा काम हाय, लोकांना दिसंल तरी." मी नको म्हणायला हवं होतं ना? मी ते भिंतीवर लावलं. दारातून आत येणाऱ्याची नजर पहिली तिथेच जायची. लोक म्हणायचे, असं करून द्या आमचं. त्या व्हायोलिनने मला कितीतरी गिऱ्हाइकं मिळवून दिली.

इथपर्यंतचं, तुम्हाला सांगतो, मी केव्हातरी मालतीला सांगितलंही असतं. घाबरलो, चुकलो, लाजेने खोटं बोललो — माणसं असं करतात. जे कुणालाच सांगवत नाही ते याच्या पुढचं आहे.

काही वर्षं गेली होती. मामा आमच्याकडे सुकट द्यायला आले होते आणि दाराजवळच्या स्टुलावर टेकले होते. थोडे वाकले होते आता. तेवढ्यात शाळेतल्या गाण्याच्या बाई दुरुस्तीला टाकलेलं स्वतःचं व्हायोलिन बघायला आल्या. या खेपेला मी त्याच्या रंगाला हात लावला नव्हता, त्या चुकीतून मी तेवढं शिकलो होतो. बाईंनी गज फिरवला, दोन-तीन सूर काढले आणि छान म्हणून मान हलवली.

मामा स्टुलावरून म्हणाले, "बाई, ती दुसरी तार जराशी उतरलीय."

सहज म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांच्या स्वतःच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या आलं. बाईंनी ती तार पुन्हा वाजवून बघितली, तरी त्यांना तो फरक ऐकू आला नाही. मलाही, कान देऊन ऐकेपर्यंत, आला नव्हता. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मामांनीही बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं — हो, मी बघितलं ते.

मला फक्त हो म्हणायचं होतं. हो मामा, उतरली आहे. एवढ्याने त्यांचा कान त्यांना परत मिळाला असता. कदाचित सुकाणूही. पण आज त्यांचा कान बरोबर असेल, तर त्या दिवशी गॅलरीतही तो बरोबर होता. आणि ते व्हायोलिन त्यांच्या डोक्यावर भिंतीला चकचकत होतं. यातलं सगळं मला त्या क्षणी लख्ख कळत होतं. घाबरलो नव्हतो. गोंधळलो नव्हतो.

मी म्हणालो, "नाही मामा. तार बरोबर आहे."

बाई म्हणाल्या, मलाही बरोबरच वाटली. उद्या व्हायोलिनची पेटी घेऊन न्यायला येते म्हणून त्या गेल्या.

"म्हंजे गेलाच," मामा म्हणाले.

पाणी मागितलं, प्यायले, मालतीला सुकट कशी ठेवायची ते सांगितलं. आज ते नाहीत. त्यानंतरही बरीच वर्षं होते, आणि मी वेळ असूनही कधी दिवाळ्याला गेलो नाही.

त्या दिवशी ते निघाले तेव्हा मी दारापर्यंत पोचवायला गेलो. सोसायटीचं फाटक त्यांनी आवाज न करता लावून घेतलं. ते दिसेनासे झाल्यावर मी आत आलो, बाईंचं व्हायोलिन उचललं आणि दुसऱ्या तारेची खुंटी पिळली. तार उतरलेलीच होती.