मामाचा उजवा पाय

माझ्या मामाचा उजवा बूट दर सहा महिन्यांनी झिजतो आणि डावा वर्षानुवर्षं नवाकोरा राहतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे बूट दुरुस्तीवाले काका आता त्याला लांबून येताना बघूनच विचारतात, "एकच ना?"

मामा गाडी चालवायला शिकवतो. अठ्ठावीस वर्षं झाली. शिकणारा स्टिअरिंगवर, मामा शेजारच्या सीटवर, आणि मामाच्या पायाशी एक जादा ब्रेक. त्या ब्रेकने त्याने आजवर कितीतरी सायकलवाले, असंख्य कुत्री आणि शाळेची एक भिंत वाचवली आहे, हे मी मान्य करते. पण गाडीतून उतरल्यावर तो ब्रेक संपतो, ही बातमी त्याच्या पायापर्यंत कधी पोचलेलीच नाही. टीव्हीवर कुणी गाडी जोरात पळवली की मामा सोफ्यावर बसल्या बसल्या पाय दाबतो. लिफ्ट खाली निघाली की दाबतो. न्हाव्याचा वस्तरा कानाजवळ आला की दाबतो. सोफ्यासमोरचा गालिचा एका जागी इतका विरलाय की खालची फरशी दिसते. मामीने तिथे फुलदाणी ठेवून पाहिली, तर तीही बातम्या चालू असताना फुटली.

मामी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांचे खांदे पुढे, हनुवटी वर, आणि "श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा." एवढंच बोलायचा तिला पगार मिळतो, असं मामा म्हणतो. घरी ती त्याहून कमी बोलते, कारण मामा दुसऱ्याला बोलायला जागा ठेवत नाही.

मामाने तीन हजार माणसांना गाडी शिकवली. त्यात मी आले, माझी आई आली, समोरच्या आजोबांनी तर सत्तराव्या वर्षी परवाना काढला. मामीला मात्र गाडी येत नाही. लग्नानंतर महिनाभरात मामा तिला मोठ्या हौसेने शिकवायला घेऊन गेला होता. चाळीस मीटरमध्ये त्याने अकरा वेळा आपला ब्रेक दाबला. मामीने इंजिन बंद केलं, किल्ली त्याच्या हातावर ठेवली, "गाडी मी चालवतच नव्हते," एवढंच म्हणाली आणि घरी चालत गेली. त्यावर सव्वीस वर्षांत दोघांनी चकार शब्द काढलेला नाही. मामी बसने कामाला जाते आणि त्याच रस्त्यावर मामा लोकांच्या बायकांना गाडी शिकवत असतो.

मी तीन वर्षांपूर्वी इथल्या डायव्हिंग क्लबमध्ये शिरले. क्लब म्हणजे फार काही नाही. सार्वजनिक पोहण्याच्या तलावामागे एक खोली, त्यात सिलिंडरमध्ये हवा भरायचं धडधडणारं यंत्र, खुंट्यांवर ओले सूट आणि कायमचा रबराचा वास. क्लब चालवतात एक दातांचे डॉक्टर. या कामाला याहून लायक माणूस मिळणार नाही. तोंडात नळ्या कोंबलेल्या माणसाशी गप्पा मारायची त्यांना सवयच आहे, आणि समोरच्याचं "अं अं" त्यांना स्वच्छ कळतं.

एकदा मी टॉवेल विसरले म्हणून मामी तो द्यायला आली आणि तासभर बाकावर बसून राहिली. मग तिने विचारलं, "यात पहिला नियम काय गं?"

"श्वास रोखायचा नाही. काहीही झालं तरी घेत राहायचा, सोडत राहायचा."

मामी एवढी हसली की डॉक्टर यंत्र बंद करून बाहेर आले. "तीस वर्षं लोकांना रोखायला सांगतेय मी," ती म्हणाली आणि तिथल्या तिथे तिने फॉर्म भरला.

घरी भूकंप झाला. "पाण्याखाली? या वयात? आणि कुणाबरोबर?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, ही माझी चूक. पाण्याखाली कुणी एकटं उतरत नाही, जोडीने उतरतात. एकाच्या हवेवर, पट्ट्यांवर, जिवावर दुसऱ्याचं लक्ष असतं. मामीची जोडी लागणार होती बँकेतून निवृत्त झालेल्या मॅनेजरसाहेबांशी. ते रोज सकाळी किलोमीटरभर पोहतात आणि त्यांना पोट असं नाहीच. मामाने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "मी येतो," तो म्हणाला.

मामीने ताटावरून मान वर केली नाही. "या. पण शिकायला या. शिकवायला नको."

डॉक्टर मामाचेच जुने विद्यार्थी निघाले. वीस वर्षांपूर्वी मामाने त्यांना भर चौकात सांगितलं होतं, की तुझ्या हातात मी माझा टूथब्रशसुद्धा देणार नाही. डॉक्टर ते विसरले नव्हते, पण त्यांनी उट्टं काढलं नाही. ते फक्त एकदाही ओरडले नाहीत, आणि मामाला नेमकं तेच झोंबलं.

पहिल्याच दिवशी गोची लक्षात आली. पायात हातभर लांब रबरी फिन्स असले की एक पाय दाबला तरी माणूस पुढे जातो. मामा घाबरला की ब्रेक दाबायचा, ब्रेक दाबला की पुढे सुटायचा, आणि पुढे सुटला की आणखी घाबरायचा. त्यातून एकटा उजवाच पाय चाललेला, त्यामुळे डावीकडे वळत वळत मामा तलावाच्या मध्यभागी गोल फिरत राहायचा. शिवाय थोड्या थोड्या वेळाने मान वळवून मागे बघायचा. "आरसा नाही ना इथे, मग बघायला नको?" हे वर ऐकवायचा. वळण्याआधी हात दाखवत नाहीत म्हणून मॅनेजरसाहेबांना त्याने दोनदा झापलं.

"सर, तुमचा पाय तुमचं ऐकत नाही," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, याच पायाने तुमचा जीव वाचवलाय. ट्रकखाली चालला होतात तुम्ही."

"म्हणून तर इथे उभा आहे. आता त्याला जरा सुट्टी द्या."

घरी मामीने उपाय काढला. सोफ्यावर मांडी घालून बसायचं, तरच टीव्ही लागेल. मांडी घातली की पाय अडकतो, त्याला दाबायला जागाच राहत नाही. पहिल्या आठवड्यात मामाचा गुडघा नुसता थडथड उडायचा. तिसऱ्या आठवड्यात उडायचा थांबला. तलावातल्या चकराही कमी झाल्या, आणि एके दिवशी तर मामा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. त्या दिवशी त्याने घरी येताना सगळ्या ओळखीच्यांना थांबवून हे सांगितलं.

शेवटची परीक्षा बाहेरच्या दगडाच्या जुन्या खाणीत असते. खाण बंद पडली, पाण्याने भरली, आता तिथे फक्त आमचा क्लब जातो. सात मीटरवर तळ आणि तळाला पिठासारखा मऊ गाळ. डॉक्टरांनी काठावर उभं राहून शांतपणे सांगितलं, "सर, आज मी एकच गोष्ट बघणार आहे. तळाजवळ पाय आपटला की गाळ उठतो आणि कुणालाच काही दिसत नाही. आपटलात तर पास करणार नाही. आणि पुढच्या महिन्यात क्लब समुद्रावर जातोय. तेव्हा मग मॅडमची जोडी मॅनेजरसाहेबांबरोबर लावावी लागेल."

मामी कपडे बदलायला पत्र्याच्या शेडमध्ये गेली, तेव्हा मामा माझ्याजवळ आला. त्या सूटमध्ये तो कसाबसा मावला होता.

"तुझी मामी एकदा माझ्या शेजारून उतरून चालत गेलीय," तो म्हणाला. "मी मागून हाकसुद्धा मारली नाही. मला वाटलं, ब्रेक दाबला ते बरोबरच होतं. आज परत जर…"

मामा वाक्य अर्धं सोडतो, हे मी प्रथमच पाहत होते. "मामा, श्वास घेत राहा," एवढंच मला सुचलं.

आम्ही दोरीला धरून खाली गेलो. पुढे डॉक्टर, मग मामा-मामी शेजारी शेजारी, मागे मी. मामा सुरेख चालला होता. दोन्ही पाय सारखे, सावकाश. मागे वळून बघणंही बंद. मामीने त्याच्या हवेचा काटा पाहिला, त्याने तिचा. मी मनातल्या मनात त्याला पास करून टाकलं.

आणि मग ती जीप आली. नवशिक्यांना बघायला काहीतरी हवं म्हणून क्लबने फार पूर्वी खाणीत एक भंगार जीप बुडवून ठेवली आहे. टप नाही, दारं नाहीत, पण स्टिअरिंग शाबूत. सगळे तिच्याभोवती एक फेरी मारतात आणि वर येतात. मामीने फेरी मारली नाही. ती वरून अलगद आत उतरली आणि चालकाच्या जागी जाऊन बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि शेजारी पाहिलं. मामा तिथेच होता, जीपच्या पलीकडच्या अंगाला, आपल्या नेहमीच्या बाजूला.

मामीने स्टिअरिंग फिरवलं.

मामाचा पाय दाणकन खाली गेला. सात मीटर पाण्याखाली, इंजिन काढून घेतलेली, चारही चाकं गाळात रुतलेली जीप थांबवायला माझ्या मामाने ब्रेक दाबला.

गाळाचा ढग उठला आणि जीप, मामी, मामा सगळं गायब झालं. मी पुढे झाले, तर डॉक्टरांनी हात आडवा धरला. ढगात आणखी माणसं घुसली की आणखी गाळ उठतो. हरवलेल्या जोडीने एक मिनिट जागेवर एकमेकांना शोधायचं आणि नाहीच सापडलं तर वर यायचं, असा नियम आहे. मी घड्याळ बघत राहिले. ढगातून बुडबुड्यांच्या दोन रांगा वर जात होत्या, तेवढाच धीर होता.

आत काय झालं ते मामीने नंतर सांगितलं. तिला स्वतःचा हातही दिसत नव्हता. तिने एका हाताने जीपची कड धरली आणि दुसऱ्या हाताने चाचपायला सुरुवात केली. आता मामा पुन्हा पाय मारणार, मग पुन्हा मारणार आणि गोल फिरत फिरत कुठच्या कुठे जाणार, हे ती धरूनच चालली होती. तिच्या हाताला एक गुडघा लागला. बाहेरच्या बाजूला वळलेला. मग दुसरा गुडघा लागला. मामाने मांडी घातली होती. पायात हातभर लांब फिन्स असताना कुणी मांडी घालून दाखवावी, मी त्याला मानेन. तसा तो हात छातीशी घेऊन, पाय अडकवून, श्वास घेत आणि सोडत तिची वाट बघत थांबला होता.

मामीने तीस वर्षं जे केलं तेच केलं. खांदे धरून त्याला सरळ केलं, हनुवटी वर केली आणि जाकिटाचा पट्टा धरून ओढत बाहेर आणलं. ढगातून आधी मामी आली आणि तिच्यामागून मांडी घातलेला मामा. डॉक्टरांच्या नळीतून एकदम इतके बुडबुडे निघाले की मला त्यांचीच काळजी वाटली.

काठावर आल्यावर डॉक्टरांनी तोंड पुसलं. "सर, पाय आपटला."

"आपटला," मामा म्हणाला. "नापास करा. मीही केलं असतं."

"केलंच. पुढच्या रविवारी परत या. मांडीचं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पण पाय आपटल्यानंतरचं सगळं बरोबर होतं." मग ते मामीकडे वळले. "मॅडम, तुम्ही पास. समुद्रावर आता मॅनेजरसाहेबांबरोबर तुमची…"

"माझी जोडी आहे," मामी केसांतलं पाणी पिळत म्हणाली. "होतील पास ते रविवारी. नाही झाले तर त्याच्या पुढच्या रविवारी होतील. तोवर मलाही समुद्र नको."

मामा उगाचच फिन्समधला गाळ धूत बसला, गाळ संपल्यावरही.

आम्ही शिकवायच्या गाडीतूनच आलो होतो, मामाकडे दुसरी गाडीच नाही. मामी नेहमीसारखी शेजारच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. मामाने चालकाचं दार उघडलं, पुन्हा लावलं, वळसा घालून तिच्याकडे आला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"फाटकापर्यंत," तो म्हणाला. "खाणीचाच रस्ता आहे, कुणी येत-जात नाही."

मामी किल्लीकडे पाहत राहिली. "तुमच्या पायाशी ब्रेक आहे."

"माहितेय." मामा आत बसला, पट्टा लावला, बूट काढले आणि सीटवर मांडी घातली.

मी मागे जीव मुठीत धरून बसले. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा बेडकासारखी उडाली आणि निघाली. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला दगडांचे ढीग. मामाने दोन्ही हातांनी आपले गुडघे घट्ट धरले होते. एकदा चाक चराच्या अगदी कडेला गेलं, तेव्हा त्याची बोटं पांढरी पडली, पण तोंडातून "आरसा" एवढासुद्धा शब्द निघाला नाही. मला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. घेत होता, सोडत होता, अगदी शिकवल्यासारखा. अर्ध्या किलोमीटरला आम्हाला बारा मिनिटं लागली. मग फाटक आलं, आणि मामीने आपल्या पायाने ब्रेक दाबला.

गाडी थांबली. मामी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

"पुढे मोठा रस्ता आहे," ती म्हणाली. "उतरा, आता तुम्ही घ्या."

मामा हलला नाही. "थांब जरा," तो म्हणाला. "दोन्ही पाय झोपलेत."

मामी उतरली, वळसा घालून आली, त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि त्याच्या खांद्यांना धरलं. "श्वास घ्या," ती म्हणाली. "हलू नका." मग खाली वाकून तिने त्याची मांडी सोडवली, आधी डावा पाय, मग उजवा.