वाघासाठी दोन पाती

राळेगावात माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. डोक्यावर टोपली घेऊन जुन्या कपड्यांवर भांडी देत सुरुवात केली, आता माल घ्यायला नागपूरला जाते. आमच्या ओळीतली दुकानं सोमवारी बंद असतात, म्हणून नागपूरही सोमवारीच. गेल्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीला सोबत घेतलं. दुपारपर्यंत माल ठरला आणि परतीच्या एसटीला तीन तास उरले.

तेवढ्या वेळात एकच संग्रहालय पाहून झालं असतं. बहिणीला रेल्वेचं पाहायचं होतं, जुन्या छोट्या इंजिनांचं. मला दुसरं, जिथे भुसा भरलेला वाघ आहे. ते तिनं चौथीत पाहिलेलं. शाळेची सहल निघाली तेव्हा बाबांनी एकीलाच पाठवलं. कापसाची वेचणी चालू होती आणि हात माझे भरभर चालायचे. मी राहिले, ती गेली. हे मी विसरले नाही आणि तिलाही विसरू दिलं नाही.

सहलीहून आल्यावर ती काही सांगेना. शेवटी सौदा ठरला. तिनं एक वस्तू सांगायची, मी तिच्या वाट्याची एक पात, म्हणजे कापसाची एक ओळ, वेचायची. भाल्यांना एक पात, बाटलीतल्या सापाला एक. वाघासाठी तिनं दोन मागितल्या. मी घासाघीस केली नाही, आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी. माझी ओटी कापसानं भरत जायची आणि ती रिकाम्या हातानं बाजूनं चालत सांगायची: मिशा कशा, पुढचा पाय कसा उचललेला, आपण हललो की डोळे कसे मागे येतात.

रिक्षात बसेपर्यंत तिनं रेल्वेचंच लावून धरलं. तिकडे धूळ फार, पायऱ्या फार, तुझे गुडघे दुखतील. तू पाहून बसली आहेस, तुझं काय जातं, असं म्हणून मी तिला गप्प केलं.

फाटकाला कुलूप होतं. पहारेकऱ्यानं सांगितलं, सोमवारी बंद असतं. मी हुज्जत घातली. लांबून आलोय, दहा मिनिटं सोडा, फक्त वाघ पाहते, तुमचा साहेब कोण. आवाज चढला तसे रस्त्यावरचे लोक थांबले.

"बाई," तो म्हणाला, "कुलूप काय भाव करून उघडते का?"

रेल्वेचंही आज बंदच असेल, हेही त्यानंच सांगितलं.

बहीण फाटकाचे गज धरून आत पाहत होती. "तवाही असंच कुलूप होतं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. गुरुजींनी सहलीला सोमवारच धरला होता. मुलांनी याच फुटपाथवर बसून डबे खाल्ले, आणि आत काय काय आहे ते गुरुजींनी तोंडी सांगितलं.

"मंग वाघाचे डोळे?"

"ते मी माह्या मनानं टाकले. तू वेचून राह्यली होती, मी काय करू?"

"आन दोन पाती कायले मांगितल्या?"

"वाघ मोठा होता ना."

मी तिला नाही नाही ते बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि पिशवी उचलून स्टँडकडे निघाली. मी तिला परत बोलावलं आणि रात्री राहायला म्हणून रिक्षावाल्याला नागपुरातल्या मावसभावाच्या घरचा पत्ता सांगितला. लग्नकार्य सोडलं तर माझं दुकान मंगळवारी कधी बंद राहिलं नव्हतं. त्या मंगळवारी राहिलं.

वाघ होता. काचेत, चारही पाय जमिनीवर. मी डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, डोळे होते तिथेच राहिले. बहीण दाराशी उभी होती, जवळ येईना. मी दंडाला धरून तिला काचेपुढे उभं केलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"लहान हाय," ती म्हणाली.

"हो. तुहा मोठा होता."

मग आम्ही भाले शोधायला गेलो. त्यांची एक पात होती.